आई-बाबांसोबत दक्षिण अमेरिकेची क्रूझ: बंदरांवर उतरून काय पाहावं?

मीनल_ठाणे | १४ सप्टेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आम्ही चौघं (मी, नवरा, आई आणि बाबा) चौदा रात्रींच्या क्रूझवर निघतोय. ब्युनोस आयर्सला बोटीत चढायचं, मग मॉन्टेव्हिडिओ, पुएर्तो माद्रिन, फॉकलंडमधलं स्टॅनली, केप हॉर्नला वळसा, उशुआइया, पुंता अरेनास, चिलीच्या खाड्या, पुएर्तो मोन्त आणि शेवटी सान अंतोनियोला उतरायचं. प्रत्येक बंदरात सात ते दहा तास मिळतात.

प्रश्न विचारण्याआधी बाबांबद्दल सांगते, कारण सगळा बेत त्यांच्याभोवती आहे. बाबा ७२ वर्षांचे आहेत. मुंबईच्या गोदीत ३४ वर्षं टॅली क्लार्क होते. बोटीवर काय चढलं, काय उतरलं ते मोजण्यात त्यांचं आयुष्य गेलं, पण स्वतः कधी रेवसच्या लाँचपलीकडे पाण्यावरून प्रवास केला नाही. आता त्यांचं एकच मागणं आहे: "राजवाडे, चर्च, बाजार तुम्ही बघा. मला बंदरं दाखव." आईला गुडघ्यांचा त्रास आहे. तिला पेंग्विन आणि देवमासा बघायचाय.

बोटीवरच्या सहली चौघांसाठी फार महाग पडतात. कुठे सहल घ्यावीच लागेल, कुठे स्वतः पायी फिरता येईल? आणि गोदीत आयुष्य काढलेल्या माणसाला दाखवण्यासारखं या गावांमध्ये काय आहे? हात राखून सांगू नका, सगळं सांगा.

---

ओवी | १४ सप्टेंबर, रात्री ११:४०

मीनलताई, मी नोकरीनिमित्त तीन वर्षं ब्युनोस आयर्सला होते. बाबांसाठी हे शहर म्हणजे पर्वणी आहे, फक्त बोट सुटायच्या आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी पोहोचा.

पहिली सकाळ पुएर्तो मादेरोला द्या. चार आयताकृती गोद्या एका रांगेत, काठाला लाल विटांची गोदामं. हे बंदर १८९७ मध्ये बांधून पूर्ण झालं आणि थोड्याच वर्षांत अपुरं पडलं, कारण तोवर बोटींचा आकार वाढला होता. मग १९११ नंतर शेजारी नवं बंदर बांधायला घेतलं, तुमची बोट तिथूनच सुटेल. जुन्या गोद्या कित्येक दशकं ओस होत्या. १९९० नंतर गोदामांची हॉटेलं आणि कचेऱ्या झाल्या, पण जुन्या क्रेन काठावर तशाच ठेवल्यात. रस्ता सपाट, बसायला बाकं भरपूर, त्यामुळे आईंनाही जमेल. 'सार्मिएंतो' हे जुनं शिडाचं प्रशिक्षण जहाज तिथेच बांधलेलं आहे, आत जाऊन बघता येतं.

दुसरी जागा बोका. सगळे तिथे कामिनितोची रंगीत घरं बघायला जातात. जेनोआहून आलेल्या गोदी कामगारांची ही वस्ती, पत्र्याची घरं बोटींच्या उरलेल्या रंगाने रंगवायचे असं सांगतात. पण बाबांना तिथून नदीकाठावर न्या. तिथे १९१४ चा वाहक पूल आहे: लोखंडी चौकटीला टांगलेला पाळणा माणसं आणि गाड्या घेऊन या काठावरून त्या काठावर सरकायचा. असे पूल जगात आता मोजकेच उरलेत. बोकात टॅक्सीने जा, टॅक्सीनेच परत या आणि गजबजलेल्या दोन-तीन गल्ल्यांबाहेर भटकू नका. हे मी घाबरवायला सांगत नाही, तिथली माणसंही हेच सांगतात.

गुरुवार मिळाला तर दुपारी साडेतीनला प्लासा दे मायो चौकात थांबा. १९७६ ते १९८३ च्या लष्करी राजवटीत ज्यांची मुलं गायब केली गेली त्या आया १९७७ पासून तिथे फेरी घालतात. डोक्याला पांढरा रुमाल. आता मोजक्याच उरल्यात, फार थकल्यात, पण येतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा फोटो काढायला हात वर झाला नाही.

---

तारवटी | १५ सप्टेंबर, सकाळी ६:०५

मी मूळचा साष्टीचा. एकवीस वर्षं प्रवासी बोटींवर काढली, त्यातले सहा हंगाम याच मार्गावर. आमच्या गोव्यात बोटीवर काम करणाऱ्याला तारवटी म्हणतात, तेच इथे नाव घेतलंय. तुमच्या बोटीवरही गोव्याची, रत्नागिरीची, वसईची पोरं भेटतील. बाबांना त्यांच्याशी गप्पा मारू द्या.

काही गोष्टी आताच डोक्यात ठेवा.

बोट सुटायची वेळ आणि 'ऑल अबोर्ड'ची, म्हणजे सगळ्यांनी बोटीवर परतायची, वेळ वेगळी असते. दुसरी निदान अर्धा तास आधी असते, आणि ती पाळायची. बोटीच्या सहलीची बस उशिरा आली तर बोट थांबते किंवा कंपनी तुम्हाला पुढच्या बंदरावर पोहोचवते. स्वतः फिरणाऱ्यासाठी थांबत नाही. म्हणून लांबच्या ठिकाणी बोटीची सहल घ्या, जवळचं पायी करा.

रोज खोलीत येणाऱ्या पत्रकावर त्या गावातल्या पोर्ट एजंटचा फोन नंबर असतो. उतरण्याआधी त्याचा फोटो काढा.

काही ठिकाणी बोट धक्क्याला लागत नाही, नांगर टाकून छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर नेतात. तुमच्या यादीत स्टॅनली तसं आहे. पुंता अरेनास आणि पुएर्तो मोन्तलाही बऱ्याचदा तसंच होतं. आईंच्या गुडघ्यांचं आधी सांगून ठेवा. टेंडरमध्ये पाय टाकताना दोन्ही बाजूंनी पोरं हात धरतात. त्यांनी "आता" म्हटल्यावरच पाऊल टाकायचं, लाट वर येते तेव्हा. घाई करायची नाही.

चिलीत उतरताना फळ, बी, मध, सुकं खाणं यातलं काहीही न सांगता नेऊ नका. बडीशेपेची पुडीसुद्धा. फॉर्मवर 'आहे' लिहिलं तर फार तर काढून घेतात. लपवलं आणि सापडलं तर दंड होतो.

वेळेचा घोळ मात्र नाही. जानेवारीत अर्जेंटिना, उरुग्वे, फॉकलंड आणि चिलीचा हा किनारा, सगळीकडे एकच घड्याळ असतं.

---

पक्षीवेडा | १५ सप्टेंबर, सकाळी ९:३०

मीनलताई, आईंना आताच सांगून टाका: जानेवारीत देवमासा दिसणार नाही. पुएर्तो माद्रिनच्या आखातात राइट व्हेल जातीचे देवमासे जूनच्या सुमारास पिल्लं घालायला येतात आणि डिसेंबरात निघून जातात. तिथे पोहोचल्यावर कळलं तर वाईट वाटेल. केप हॉर्नच्या आसपास डेकवर उभं राहिल्यास लांबून फवारा दिसू शकतो, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

पेंग्विन मात्र हमखास. इथे एक निर्णय घ्यावा लागेल. पुष्कळ जण स्टॅनलीला किंग पेंग्विन बघण्यासाठी पैसे राखून ठेवतात. ते ठिकाण आहेच तसं, पण गावापासून खडबडीत रानातून फोर बाय फोरने दोनेक तास लागतात. आईंच्या गुडघ्यांना आणि कमरेला ते सोसणार नाही. शिवाय वाऱ्यामुळे स्टॅनलीचं उतरणं रद्द होणं ही नेहमीची गोष्ट आहे.

म्हणून माद्रिनला पुंता तोंबोची सहल घ्या. सुमारे १८० किलोमीटर, जाऊन-येऊन पाच तास बसमध्ये जातील, पण बस चांगली असते. तिथे मॅगेलन पेंग्विनची प्रचंड वसाहत आहे, आणि जानेवारीत करड्या पिसांची पिल्लं बिळांच्या तोंडाशी उभी असतात. आखलेल्या वाटेवरून चालायचं. पेंग्विन वाट ओलांडत असेल तर आपण थांबायचं, पहिला हक्क त्याचा. एकदा एक पेंग्विन माझ्या बुटापाशी येऊन मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वाकवून मला न्याहाळत होता. मी श्वास रोखून उभा होतो.

आणखी एक. उशुआइयाच्या लाँचमधून दीपगृहाच्या खडकांवर काळे-पांढरे पक्षी दाटीने बसलेले दिसतील आणि आजूबाजूला सगळे "पेंग्विन! पेंग्विन!" ओरडतील. ते पाणकावळ्याच्या कुळातले आहेत. उडाले की कळेल.

---

जुनी_पानं | १५ सप्टेंबर, दुपारी ४:१८

बाबा मुंबईच्या गोदीतले आहेत म्हणून हे लिहितोय. मॉन्टेव्हिडिओला त्यांना एक गोष्ट दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डिसेंबर १९३९. 'अॅडमिरल ग्राफ श्पे' ही जर्मन युद्धनौका दक्षिण अटलांटिकमध्ये व्यापारी जहाजं बुडवत होती. १३ डिसेंबरला प्लेट नदीच्या मुखापाशी 'एक्सेटर', 'एजॅक्स' आणि 'अकिलीस' या तीन क्रूझरांनी तिला गाठलं. घायाळ होऊन ती मॉन्टेव्हिडिओच्या तटस्थ बंदरात शिरली. तिथे जास्त दिवस राहायची परवानगी मिळाली नाही, आणि १७ डिसेंबरला तिच्या कप्तानाने ती नदीच्या मुखाशी नेऊन स्वतःच उडवून दिली. काठावर हजारो लोक बघत होते. तिचा नांगर आणि पाण्यातून २००४ मध्ये काढलेला अंतरमापक बंदरातच मांडून ठेवलाय, बोटीतून उतरल्यावर चालत जाण्याच्या अंतरावर.

आता आपला धागा. त्या तिघींमधली 'अकिलीस' १९४८ मध्ये भारताने घेतली. तिचं नाव झालं 'दिल्ली'. तीच आयएनएस दिल्ली. १९६१ मध्ये दीवच्या कारवाईत तिने भाग घेतला. पुढे प्रशिक्षण नौका झाली आणि १९७८ मध्ये मुंबईत निवृत्त होऊन तिथेच मोडीत निघाली. बाबा तेव्हा गोदीत असतील तर त्यांनी ती डोळ्यांनी पाहिली असणार.

आणखी पुढे जायचं तर, ज्याचं नाव त्या जर्मन नौकेला दिलं तो नौसेनाधिकारी फोन श्पे ८ डिसेंबर १९१४ रोजी फॉकलंडजवळच्या लढाईत बुडाला. त्या लढाईचं स्मारक स्टॅनलीच्या किनाऱ्यावर आहे.

---

मीनल_ठाणे | १५ सप्टेंबर, रात्री ९:५०

जुनी_पानं, तुमचा प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. 'दिल्ली' आल्यावर ते म्हणाले, "थांब." आत गेले, चष्मा घेऊन आले आणि स्वतः पुन्हा वाचलं. १९७५ मध्ये ते गोदीत लागले. गेटवेहून एलिफंटाच्या लाँचमधून जाताना नौदलाच्या बाजूला 'दिल्ली' उभी दिसायची, डेकवर ट्रेनिंगची पोरं. "ती आधी कुठे कुठे जाऊन आलीय ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं," म्हणाले. आज जेवताना दुसरा विषय नाही.

पक्षीवेडा, आईला सांगितलं. थोडी हिरमुसली, पण पिल्लांचं ऐकून खुलली. पुंता तोंबो ठरलं.

---

सुमेधा_एमडी | १६ सप्टेंबर, सकाळी ७:४५

सहलीच्या उत्साहात पिवळ्या तापाच्या लशीचं राहून जातं. अर्जेंटिना आणि ब्राझील हे देश आपल्या सरकारच्या यादीत आहेत. तिथून निघाल्यापासून ६ दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लशीचा दाखला नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दाखला १० दिवसांनी लागू होतो, नंतर जन्मभर चालतो. ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तारीख आधी घ्या.

मात्र साठीच्या पुढे या लशीचे दुष्परिणाम होण्याचा धोका वाढतो. आई-बाबांच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय टोचून घेऊ नका. उरुग्वे आणि चिली यादीत नाहीत, आणि तुम्ही उशुआइया सोडल्यानंतर बरेच दिवस चिलीतच आहात. तारखा मोजा आणि विमानतळाच्या आरोग्य कार्यालयाकडून खात्री करून घ्या. परतीचं विमान साओ पाउलोवरून असेल तर ब्राझील पुन्हा हिशेबात येतो, म्हणून शक्य झालं तर दुसरा मार्ग निवडा.

---

रेवा_एडिसन | १६ सप्टेंबर, संध्याकाळी ६:२०

व्हिसाबद्दल एक. या मार्गावर तुम्ही अर्जेंटिनात तीनदा शिरता: ब्युनोस आयर्स, मग उरुग्वेला जाऊन माद्रिन, मग फॉकलंडहून उशुआइया. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालणार नाही. आमच्याकडे अमेरिकन पासपोर्ट होते, पण सोबतच्या सासूबाईंचा भारतीय होता. त्यांच्या व्हिसावर प्रवेश किती हे आम्ही निघायच्या दोन आठवडे आधी वाचलं. ते दिवस पुन्हा नकोत. अर्ज करतानाच बोटीचं पूर्ण वेळापत्रक जोडा.

---

अनघा_सांगली | १७ सप्टेंबर, दुपारी १:१५

मीनलताईंच्या धाग्यात मधेच विचारते, राग मानू नका. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, पुढच्या वर्षी जायचा विचार आहे. बोटीवर मिळेल, पण गावात उतरल्यावर काय खायचं? अर्जेंटिना म्हणजे सगळं मांसच असं ऐकलंय.

---

ओवी | १७ सप्टेंबर, दुपारी २:३०

अनघाताई, पिझ्झाच्या दुकानात 'फाइना' मागा. हरभऱ्याच्या पिठाचं, तेल घालून भट्टीत भाजलेलं, जाडसर. पहिला घास घेतला आणि मला आजीचं बेसनाचं धिरडं आठवलं. ब्युनोस आयर्स आणि मॉन्टेव्हिडिओ दोन्हीकडे मिळतं, पिझ्झ्याच्या तुकड्यावर ठेवून खातात. 'फुगासेता' म्हणजे भरपूर कांदा आणि चीजचा पिझ्झा. एंपानादा म्हणजे करंजीसारखं भाजलेलं, त्यात चीज-कांद्याची किंवा 'उमिता' म्हणजे मक्याची मागायची. "सिन कार्ने" म्हणजे मांस नको, पण त्यावर थांबू नका, "सिन पोयो, सिन हामोन" असं कोंबडी आणि हॅमसुद्धा नको म्हणून सांगा, कारण तिकडे 'कार्ने' म्हटलं की बऱ्याचदा फक्त गाईचं मांस समजतात.

चिलीत 'सोपाइपिया' शोधा. लाल भोपळा घालून मळलेल्या पिठाच्या तळलेल्या पुऱ्या. आपले तिखटमिठाचे घारगेच. फक्त कशात तळतात ते विचारून घ्या, चरबी वापरणारेही असतात.

---

कोकणकडा | १८ सप्टेंबर, रात्री ८:००

मी थोडा वेगळा सूर लावतो. प्रत्येक बंदरात उतरून धावपळ करण्याची गरज नाही. आम्ही चौदापैकी एकही बंदर सोडलं नाही, आणि परत आल्यावर पुएर्तो मोन्तमधलं काय आणि कुठलं काय ते आठवेना. निम्म्या ठिकाणी धक्क्याजवळच्या बाकावर बसून गाव बघितलं असतं तर जास्त हाती लागलं असतं.

एक गाव मात्र सोडू नका: वालपराइसो. तुमची बोट सान अंतोनियोला लागते, तिथून ते शंभरेक किलोमीटर. बहुतेक लोक सरळ सान्तियागोच्या विमानतळावर जातात. तुम्ही रात्र वालपराइसोला काढा. पनामा कालवा १९१४ मध्ये उघडण्याआधी युरोपातून पॅसिफिककडे जाणारी कितीतरी जहाजं केप हॉर्न किंवा मॅगेलनची सामुद्रधुनी पार करून इथे विसावा घ्यायची. कालवा उघडला आणि गावाची रया गेली. पुंता अरेनासचंही तेच, तिथे बोटी कोळसा भरायला थांबायच्या. बाबांना हे सांगावं लागणार नाही, ते बघूनच ओळखतील.

---

तारवटी | १८ सप्टेंबर, रात्री १०:४०

कोकणकडा बरोबर बोलतात. बाकावर बसून गाव बघणं आम्ही बोटीवरची माणसं नेहमी करायचो, कारण आम्हाला दोनच तास सुट्टी असायची.

---

मीनल_ठाणे | ९ फेब्रुवारी, रात्री ११:०५

मंडळी, जाऊन आलो. परतल्यावर आठवडाभर झोपेचं गणित जुळत नव्हतं, म्हणून उशीर. सगळ्या बंदरांचं सारख्या तपशिलाने लिहीत नाही, जे मनात राहिलं ते लिहिते.

ब्युनोस आयर्सला पुएर्तो मादेरोत आम्ही साडेतीन तास होतो. बाबा प्रत्येक क्रेनपाशी थांबले. गोदीच्या कडेचे दगड, दोर बांधायचे लोखंडी खुंटे, गोदामाची दारं किती उंचीवर आहेत, सगळं बघितलं. "प्रिन्सेस डॉक अशीच होती," म्हणाले. मुंबईची ती गोदी १८८० ची, पुढे बोटी मोठ्या झाल्या आणि तीही लहान पडली. आमच्या बाजूने धावणारी, सायकलवरून जाणारी तरुण मुलं होती. त्यांच्यात मधोमध बाबा एका खुंट्यावर हात ठेवून उभे.

मॉन्टेव्हिडिओ. जुनी_पानं, तुमच्यासाठी नीट लिहिते. बोट धक्क्याला लागली, उतरलो, बस नाही की टॅक्सी नाही. नांगर मला वाटला त्याच्यापेक्षा खूप मोठा आहे. बाबांनी आधी लांबून बघितला, मग जवळ जाऊन तळहात टेकवला. मग आईला तिन्ही क्रूझरांची नावं सांगितली आणि 'अकिलीस'पाशी आल्यावर त्यांचा आवाज बदलला. "ज्या बोटीने हिला मारलं ती आपल्याकडे येऊन म्हातारी झाली. मी तिला मोडताना नाही बघितली, बरं झालं." तिथे दहा-बारा पर्यटक होते, फोटो काढून पाच मिनिटांत गेले. आम्ही जवळजवळ तासभर होतो. मग समोरच १८६८ च्या मेर्कादो देल पुएर्तोच्या लोखंडी छपराखाली गेलो. आत मांस भाजायच्या भट्ट्यांचा धूर होता, आम्ही बाहेर बसून फाइना खाल्ला. ओवी, धिरडंच! गावात जो तो काखेत थर्मास आणि हातात 'माते' नावाच्या चहासारख्या पेयाचा पेला घेऊन फिरतो, हे आईला फार आवडलं.

पुंता तोंबोला आईचा दिवस होता. पाच तास बसमध्ये बसून गुडघे धरले, पण वाटेवर बाकं आहेत, ती एका बाकावर बसली आणि पेंग्विनच तिच्यापर्यंत आले. एक पिल्लू आईबापाच्या चोचीला चोच लावून मागत होतं, आणि आई हळू आवाजात त्याच्याशी मराठीत बोलत होती. "अरे, देते की, देते." परतताना वाटाड्याने ब्रिटनच्या वेल्समधून आलेल्या वेल्श लोकांबद्दल सांगितलं: १८६५ मध्ये दीडेकशे माणसं 'मिमोसा' नावाच्या जहाजाने इथल्या ओसाड किनाऱ्यावर उतरली, कारण त्यांना आपली भाषा जपायची होती. गायमान गावात आजही वेल्श शिकवतात. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीतली मुलं आपसात कोणत्या भाषेत बोलतात ते आठवून मी गप्प झाले.

स्टॅनली रद्द झालं. सकाळी सात वाजता कप्तानाने सांगितलं की वारा जास्त आहे, टेंडर सोडता येणार नाहीत. सगळ्या बोटीवर सुस्कारा. पक्षीवेडा, तुमचं ऐकलं नसतं तर आईचे पेंग्विन तिथेच राहिले असते. बाबांना मात्र १९१४ चं स्मारक हुकल्याचं वाईट वाटलं. त्यांनी डेकवर उभं राहून बेटाच्या दिशेने बराच वेळ बघितलं.

केप हॉर्न पहाटे. करडं आकाश, काळा कडा, आणि अल्बट्रॉस पंख न हलवता बोटीसोबत. मला पोटात ढवळत होतं, आलेपाक चघळत उभी राहिले. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

उशुआइयाला आई आणि नवरा कैद्यांच्या जुन्या रेल्वेमार्गावरच्या आगगाडीने गेले. बाबा म्हणाले मी धक्क्यावरच थांबतो, मीही थांबले. अंटार्क्टिकाला जाणारं एक जहाज शेजारी लागलं होतं आणि त्यात भाजीपाला चढत होता. कांद्याच्या गोण्या, कोबीचे खोके, अंड्यांचे ट्रे. बाबा पाऊण तास ते बघत होते. मग खिशातून छोटी वही काढली आणि चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, असं मोजायला लागले. पलीकडून एक कामगार बघत होता. त्याने अंगठा वर केला, बाबांनीही केला. कोकणकडा, तुमचा बाकावरचा सल्ला इथे कामी आला.

पुंता अरेनासला चौकात मॅगेलनच्या पुतळ्याखाली बसलेल्या मूळ रहिवाशाच्या पायाचा अंगठा घासून घासून चकाकतोय. त्याला हात लावला की माणूस पुन्हा इथे येतो म्हणतात. आईने लावला. वारा इतका की दोघांनी एकमेकांना धरून चालायचं. सारा ब्राउनच्या नावाच्या दफनभूमीत कापलेल्या सुरूंच्या रांगा आणि लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या महालाएवढ्या समाध्या आहेत. पैसा किती होता ते तिथे कळतं.

पुएर्तो मोन्तला दिवसभर पाऊस, ज्वालामुखी ढगात. आंगेल्मोच्या मासळीबाजारात गेलो, परत आलो.

आणि वालपराइसो. सान अंतोनियोच्या धक्क्यावर कंटेनरची थप्पी आणि उंच क्रेन बघूनच बाबा म्हणाले, "हे न्हावा शेवा आहे. म्हणजे वालपराइसो आपली मुंबई." तसंच निघालं. मोठा माल इकडे गेला आणि जुनं बंदर टेकड्यांच्या पायथ्याशी आपलं काम करत राहिलंय. 'एल पेराल' या १९०२ च्या, टेकडीवर चढणाऱ्या लाकडी गाडीने वर गेलो. दोन डबे एकाच दोराला, एक वर येतो तेव्हा दुसरा खाली. वरून रंगीत पत्र्याची घरं, आणि त्यांच्या आडून बोटी. चिलीचा कवी नेरुदा याचं 'ला सेबास्तियाना' हे घर खिडक्यांमधून बंदराकडेच बघत बसलेलं आहे. तिथे पायऱ्या फार, आई खालच्या बागेत थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुएये प्रात धक्क्यावरून बंदर फिरवणारी लाँच घेतली. रेवसच्या लाँचएवढीच. माल चढवणाऱ्या एका मोठ्या बोटीच्या अगदी पोटाजवळून ती जाते, वर मान केली तर आकाश दिसत नाही. नाखवा स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगत होता, कुणीतरी इंग्रजीत सांगू पाहत होतं. बाबांना गरज नव्हती. ते आम्हाला मराठीत सांगत होते: ही बोट रिकामी झालीय, बघ, पाण्याबाहेर किती आलीय. ही अजून भरायचीय. तो माणूस हॅच बंद करायला सांगतोय.

---

जुनी_पानं | १० फेब्रुवारी, सकाळी ८:१२

दोनदा वाचलं. बाबांना माझा नमस्कार सांगा.

---

अनघा_सांगली | १० फेब्रुवारी, सकाळी १०:३०

फार सुंदर, ताई. सान अंतोनियोहून वालपराइसोला सामानासकट कसं गेलात? बॅगा गाडीत ठेवून फिरलात का? आणि पिवळ्या तापाच्या लशीचं शेवटी काय केलं?

---

मीनल_ठाणे | १० फेब्रुवारी, रात्री ९:४०

अनघा, मोठी गाडी आधीच ठरवली होती. आमच्या मुक्कामाच्या जागेचा पत्ता दिला आणि आधी थेट तिथे जाऊन बॅगा ठेवल्या. सामान गाडीत ठेवून वाटेत कुठेही फिरायला उतरू नका, हे चालकानेच सांगितलं. वाटेत इस्ला नेग्रा लागतं, नेरुदाचं समुद्रकाठचं दुसरं घर. बॅगा गाडीत असल्यामुळे आम्ही थांबलो नाही. तुम्हाला बघायचं असेल तर वेगळा दिवस काढा.

लस मी आणि नवऱ्याने घेतली. आई-बाबांना डॉक्टरांनी नको म्हटलं. सुमेधाताईंनी सांगितल्याप्रमाणे तारखा मोजल्या. उशुआइया सोडल्यापासून मुंबईत उतरेपर्यंत नऊ दिवस झाले होते, आणि परतीचं विमान युरोपमार्गे घेतलं. बोटीचं वेळापत्रक आणि पासपोर्टवरचे शिक्के वरच ठेवले होते. विमानतळावर पाहिले आणि सोडलं.

तारवटीदादा, बाबांनी विचारलंय: टेंडरची दोरी बांधताना तुमची पोरं जी गाठ मारतात तिला तुमच्याकडे काय म्हणतात? त्यांनी वहीत चित्र काढून ठेवलंय, नाव लिहायची जागा रिकामी आहे.

---

तारवटी | ११ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

चित्राचा फोटो पाठवा, ताई. दोन-तीन प्रकारच्या गाठी असतात, बघितल्याशिवाय नाव सांगत नाही. बाबांना म्हणावं, देव बरें करूं.